ठोकळा बसत का नाही?

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात किंवा बेळगावच्या गणपत गल्लीत खेळण्यांच्या दुकानाबाहेर फुगलेल्या पिशव्या टांगलेल्या असतात. आत लाल, पिवळे, निळे, हिरवे ठोकळे. वरचं चित्र ओळखीचं, बटणांची रचना ओळखीची. नाव मात्र कधी न ऐकलेलं, आणि किंमत नावाजलेल्या परदेशी डब्याच्या मानाने अगदीच किरकोळ. दुकानदार सांगतो, "सेम टू सेम आहे बघा, नुसतं नाव नाही." खोटं बोलायचा त्याचा इरादा नसतो. डोळ्यांना ते ठोकळे खरोखरच सारखे दिसतात.

फरक कळतो घरी, फरशीवर. पहिले दोन मजले झकास चढतात. तिसऱ्या मजल्यावर भिंत हलायला लागते. छपराचा लांब ठोकळा एका बाजूने बसतो, दुसऱ्या बाजूने उचकटतो. त्याच पिशवीतला एखादा ठोकळा मात्र असा रुतून बसतो, की तो काढायला दात लावावे लागतात. एकाच पिशवीतले, एकाच रंगाचे दोन ठोकळे. एक ढिला, एक जाम. हे कसं होतं?

प्रश्न खेळण्याचा आहे म्हणून किरकोळ नाही. सहा वर्षांच्या मुलाला प्लॅस्टिक आकसतं हे ठाऊक नसतं. इमारत पडली की ते "मला जमत नाही" म्हणतं आणि डबा कॉटखाली सरकवून देतं. चूक असते साच्याची, आणि खापर फुटतं मुलाच्या हातावर. म्हणून ही चूक नेमकी कुठे होते, ते नीट समजून घ्यायला हवं.

ते समजून घ्यायला आपला भागही सोयीचा आहे. धारवाडहून बेळगावकडे निघालं की महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. एक्स्कॅव्हेटर आणि बसगाड्या बनवणारे मोठे कारखाने धारवाडच्या याच बाजूला आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी मंडळीही. अशा ठिकाणी टूल रूममध्ये, म्हणजे साचे घडवणाऱ्या विभागात, काम केलेल्या कुणाच्याही हातात हा ठोकळा द्या. तो वरची बटणं पाहणार नाही. आधी ठोकळा उलटा करील.

आठ मिलिमीटरचं गणित

आपणही तेच करू. आठ बटणांचा, म्हणजे दोन ओळींत चार-चार बटणांचा नेहमीचा ठोकळा घ्या आणि उलटा धरा. आत तीन पोकळ नळ्या दिसतील. पकडीचं सगळं रहस्य या नळ्यांमध्ये आहे.

लेगो या नावाजलेल्या परदेशी कंपनीच्या ठोकळ्यावर शेजारच्या दोन बटणांच्या मध्यबिंदूंत ८ मिलिमीटर अंतर असतं आणि बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर असतो. चार बटणांचा चौरस डोळ्यांसमोर आणा. त्याची बाजू ८, म्हणजे कर्ण ८ गुणिले १.४१४, साधारण ११.३१ मिलिमीटर. कर्णावर समोरासमोर असलेल्या दोन बटणांच्या त्रिज्या, म्हणजे एकूण ४.८ मिलिमीटर, त्यातून वजा करा. उरतात ६.५१. चार बटणांच्या मधोमध एवढीच जागा असते, आणि नळीचा बाहेरचा व्यास असतो नेमका ६.५१ मिलिमीटर. म्हणजे नळी एकाच वेळी चारही बटणांना टेकते.

आता भिंत पाहू. दोन बटणांची ओळ बाहेरून बाहेर मोजली तर ८ अधिक ४.८, म्हणजे १२.८ मिलिमीटर भरते. ठोकळ्याची रुंदी १५.८. खरं तर ती १६ हवी. पण शेजारचे ठोकळे एकमेकांना घासू नयेत म्हणून ०.२ मिलिमीटर मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. १५.८ मधून १२.८ गेले, उरले ३. म्हणजे दोन्ही बाजूंची भिंत दीड-दीड मिलिमीटरची. ही भिंतही बटणाला टेकते. कोपऱ्यातल्या बटणाला दोन भिंती आणि एक नळी, मधल्या बटणाला एक भिंत आणि दोन नळ्या. कोणतंही बटण घ्या, त्याला तीन बाजूंनी धरलेलं आहे. इतक्या साध्या वस्तूत इतका नेटका विचार मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

पण ही मापं कागदावर तंतोतंत जुळली, तर नळी बटणाला नुसती टेकेल, धरणार नाही. धरायचं तर बटण त्याच्या जागेपेक्षा केसभर जाड हवं. स्टीलच्या डब्याचं झाकण आठवा. ते डब्याच्या तोंडाहून किंचित तंग असतं. लावताना पत्रा जरासा ताणला जातो आणि मूळ जागी यायला पाहतो, म्हणून झाकण घट्ट राहतं. जरा जास्त तंग झालं तर उघडताना जीव जातो, जरा सैल झालं तर डबा पिशवीत सांडतो. ठोकळ्याची भिंतही बटणाच्या रेट्याने अशीच किंचित बाहेर वाकते आणि उलट दाबते. या दाबामुळे घर्षण होतं, आणि या घर्षणालाच आपण पकड म्हणतो.

हा 'किंचित' म्हणजे मिलिमीटरचे काही शतांश. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ०.०७ मिलिमीटर असते. आपण त्याहूनही लहान मापाबद्दल बोलतो आहोत. ठोकळ्याचं प्लॅस्टिक कडक असल्याने दोन-तीन शतांशांच्या फरकाने दाब कितीतरी बदलतो. माप तेवढ्याने कमी पडलं तर पकड जवळजवळ शून्य, तेवढ्याने वाढलं तर दात लावायची वेळ. म्हणून लेगोच्या साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या काही हजारांश भागांपर्यंत सांभाळलेली असते. दर दहा लाख ठोकळ्यांत सुमारे १८ सदोष निघतात, असं ती कंपनी सांगते.

डाय, दाणा आणि घाई

आता हे माप कुठे बिघडतं ते पाहू. प्लॅस्टिकचा कच्चा माल तांदळाएवढ्या दाण्यांच्या रूपात येतो. धंद्यातली माणसं त्याला दाणाच म्हणतात. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनमध्ये दाणा तापवून पातळ करतात, मळसूत्रासारखा लांब स्क्रू तो पुढे ढकलतो आणि प्रचंड दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, भरतो. डाय पाण्याने थंड ठेवलेली असते. आतलं प्लॅस्टिक घट्ट झालं की डाय उघडते आणि पिना ठोकळ्याला बाहेर ढकलतात. सगळं काही सेकंदांत उरकतं.

मेख अशी, की थंड होताना प्लॅस्टिक आकसतं. लेगोच्या ठोकळ्यासाठी एबीएस नावाचं प्लॅस्टिक वापरतात. ते साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. म्हणजे ३१.८ मिलिमीटर लांबीचा ठोकळा हवा असेल, तर आकस अर्धा टक्का धरून डाय जवळजवळ ३१.९६ ची कापावी लागते. कसबी डायमेकर हे आधीच जमेस धरतो.

आता समजा, याच डायमध्ये कुणी एबीएसऐवजी स्वस्तातला पॉलीप्रॉपिलीनचा दाणा घातला. बादल्या, खुर्च्या, डबे ज्याचे करतात तेच हे प्लॅस्टिक. ते १ ते २.५ टक्क्यांपर्यंत आकसतं. दीड टक्का धरला तर ठोकळा निघतो ३१.४८ चा. डाय चांगली, मशीन चांगलं, आणि ठोकळा ०.३ मिलिमीटरने लहान! पहिल्या आणि चौथ्या बटणातलं अंतर २४ ऐवजी २३.७६ होतं. सगळे ठोकळे नेमके एवढेच आकसले असते तर ते निदान आपापसांत तरी जमले असते. पण पॉलीप्रॉपिलीन किती आकसेल, हे डाय किती गरम होती, दाब किती वेळ ठेवला, भिंत कुठे जाड होती यावर हलतं. सकाळच्या पाळीतला ठोकळा आणि दुपारच्या पाळीतला ठोकळा वेगळे निघतात आणि एकाच पिशवीत भरले जातात.

एकाच पिशवीत ढिला आणि जाम ठोकळा का सापडतो, याचं आणखी एक कारण डायमध्येच असतं. एका डायमध्ये ठोकळ्याचे अनेक खळगे असतात. एका दाबात आठ, सोळा किंवा त्याहून जास्त ठोकळे निघतात. प्रत्येक खळगा स्वतंत्रपणे कोरलेला, त्यामुळे प्रत्येकाचं माप शतांशात वेगळं असू शकतं. प्लॅस्टिक आत येण्याच्या वाटेपासून लांबच्या खळग्यात दाबही कमी पोचतो. शिवाय डाय झिजते. मऊ पोलादाची डाय लवकर झिजते. दोन पाट्यांच्या सांध्यात फट पडली की तिथून प्लॅस्टिक बाहेर येतं आणि ठोकळ्याच्या कडेला पातळ पापुद्रा उरतो. त्याला फ्लॅश म्हणतात. नखाने कड चाचपली तर तो लगेच लागतो.

चांगल्या ठोकळ्याच्या आत बारीक आकडे कोरलेले असतात. ते डायचे आणि खळग्याचे क्रमांक. एखादा ठोकळा बिघडला तर नेमका कोणता खळगा झिजला हे त्यावरून शोधता येतं. लेगो तर पूर्वी बाद झालेले साचे भलत्या हाती पडू नयेत म्हणून आपल्या इमारतींच्या पायात काँक्रीटमध्ये गाडत असे. स्वस्तातल्या बऱ्याच ठोकळ्यांत हे आकडे नसतात. म्हणजे चूक झाली, तरी ती कुठे झाली हे खुद्द बनवणाऱ्यालाही कळायला मार्ग नसतो.

राहिली घाई. भिंतीची जाडी दुप्पट झाली की ती थंड व्हायला चौपट वेळ लागतो, त्यामुळे एकाच ठोकळ्यातले जाड भाग उशिरा घट्ट होतात. तेवढा वेळ न थांबता डाय उघडली, की तासाला ठोकळे जास्त निघतात. पण आत अजून मऊ असलेला ठोकळा पिनांच्या धक्क्याने वाकतो आणि टोपलीत पडल्यावर आणखी आकसतो. लांब भिंती मधोमध आत ओढल्या जातात. सपाट फरशीवर लांब ठोकळा त्याच्या लांब भिंतीवर आडवा ठेवून पाहा. मधे फट दिसली तर तो घाईत काढलेला आहे.

आपल्याकडच्या हवेचाही यात वाटा आहे. एबीएसचा दाणा हवेतला ओलावा शोषतो. तो साधारण ८० अंशांवर दोन-चार तास सुकवून मगच मशीनमध्ये घालायचा असतो. धारवाडकडचा आषाढ-श्रावण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या दिवसांत दाण्यात किती ओल शिरत असेल हे सांगायला नको. न सुकवलेला दाणा तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ठोकळ्यावर चंदेरी रेघा उमटतात. पुष्कळांना ती रंगाची नक्षी वाटते.

प्लॅस्टिक थकतं तेव्हा

एबीएस म्हणजे तीन घटकांचं मिश्रण: अॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन. पहिल्याने टणकपणा येतो, तिसऱ्याने चकाकी आणि सफाई. मधला ब्युटाडाइन रबरासारखा. त्याचे सूक्ष्म कण आत विखुरलेले असतात. भेग पडायला लागली की ती या कणांपाशी अडते. म्हणून एबीएसचा ठोकळा पायाखाली आला तरी फुटत नाही. फुटतो तो आपला संयम. लेगोनेही आधी सेल्युलोज अॅसिटेट वापरलं होतं. १९६३ पासून ती कंपनी एबीएसकडे वळली.

स्वस्त ठोकळ्यात या जागी कधी साधं पॉलिस्टायरीन येतं. ते कडक आणि चकचकीत असतं, दुकानात तर अस्सलाहून देखणं दिसतं. पण त्यात भेग अडवणारं काही नसतं. चार वेळा लावा-काढा, कोपरा तडकतो. पॉलीप्रॉपिलीनची तऱ्हा उलटी. ते तुटत नाही, पण दाबाखाली हळूहळू नमतं आणि त्याचा पृष्ठभाग निसरडा. महिनाभर जोडून ठेवलेली गाडी सोडवली, तर भिंती ज्या आकाराला ताणल्या होत्या त्याच आकारात राहिलेल्या असतात. पकड गेलेली असते, आणि ती परत येत नाही.

तिसरा प्रकार रिप्रोसेस दाण्याचा. फुटक्या वस्तू दळून, वितळवून पुन्हा केलेला दाणा. आपल्याच कारखान्यातले स्वच्छ तुकडे थोड्या प्रमाणात पुन्हा वापरायला हरकत नसते. पण भंगारातून आलेल्या दाण्यात कोणतं प्लॅस्टिक किती आहे हे ठाऊक नसतं. प्रत्येक पोत्याचा आकस वेगळा, आणि प्रत्येक पोत्याबरोबर ठोकळ्याचं मापही वेगळं. घाणीचा रंग झाकायला गडद रंग घालावा लागतो. काळ्या आणि मळकट तपकिरी ठोकळ्यांकडे जरा जास्त लक्ष द्यायचं ते म्हणूनच.

चूक उशिरा का कळते

दुकानात दोन ठोकळे जोडून पाहिले तर ते बहुधा जमतात. मग घरी काय होतं?

होतं ते बेरजेने. समजा, एका पोत्यातले ठोकळे उंचीला ०.०५ मिलिमीटर जास्त निघाले. अस्सल ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, एवढासा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटालाही कळत नाही. पण मुलाने दोन खांब उभारले, एक या ठोकळ्यांचा आणि एक बरोबर मापाच्या ठोकळ्यांचा, तर तीस ठोकळ्यांनंतर दोघांच्या उंचीत दीड मिलिमीटरचा फरक पडतो. वर पूल टाकायला जावं, तर तो एका टोकाला तरंगतो. लांबीलाही हाच हिशेब. शेजारच्या ठोकळ्यांमध्ये ठेवलेली ०.२ मिलिमीटरची मोकळीक थोडाबहुत फरक पोटात घालते. ती संपली की पुढची ओळ वाकडी जाते.

म्हणून पन्नास तुकड्यांचं घर नकली ठोकळ्यांतून उभं राहतं आणि पाचशे तुकड्यांचा ट्रक राहत नाही. खेळ अडतो तो शेवटाकडे, मूल सगळ्यात जास्त रमलेलं असताना. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात याचं उत्तर गणितज्ञांनी काढलेलं आहे: ९१,५१,०३,७६५. मुलाला विकत मिळतात त्या खरं तर एवढ्या शक्यता. यातल्या प्रत्येक रचनेत ठोकळा कुठेही बसला पाहिजे, ही अट मात्र मापाने पाळायची असते.

मोठ्या ठोकळ्यांच्या बाबतीत निसर्ग थोडा दयाळू आहे. लांब भिंत सहज वाकते; त्यामुळे तेवढीच चूक मोठ्या ठोकळ्यात पकडीवर कमी परिणाम करते. बजेट बेताचं असेल तर बारीक बटणांच्या हजार तुकड्यांपेक्षा जाड बटणांचे शंभर ठोकळे घ्यावेत, असं मी आवर्जून सांगेन. धाकट्यांसाठी ते सुरक्षितही असतात.

नक्कल म्हणजे चोरीच का?

नकली ठोकळ्यांना नावं ठेवताना इतिहास विसरून चालणार नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने, लेगोच्या संस्थापकाने, १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन घेतलं आणि १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे ठोकळे बाजारात आणले. ते ठोकळे बेतले होते ब्रिटनमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या 'किडीक्राफ्ट' ठोकळ्यांवर. त्या पहिल्या ठोकळ्यांना वर बटणं होती, आत मात्र पोकळी. पकड ढिली, इमारती कोसळायच्या. आज बाजारातल्या पिशवीबद्दल जी तक्रार आहे तीच!

उत्तर सापडलं ते आतल्या नळ्यांत. ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या काळापासूनचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांवर बसतात. पेज यांच्या ठोकळ्याचे हक्क लेगोने पुढे १९८१ मध्ये विकत घेतले.

पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. ठोकळ्याचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क, असा दावा लेगोने करून पाहिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. बटणं आणि नळ्या हा काम करणारा आकार आहे, त्यावर कायमची मालकी सांगता येत नाही, हे त्या निकालांचं सार. मला हे निकाल पटतात. अशी रचना सगळ्या जगातल्या मुलांच्या वाट्याला यावी.

बेकायदा काय, तर दुसऱ्याचं नाव, चिन्ह, डब्यावरचं चित्र, संचाची संपूर्ण मांडणी आणि छोट्या माणसांच्या बाहुल्या उचलणं. चीनमधल्या 'लेपिन' या कंपनीने हे उघडउघड केलं. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी तिच्यावर छापा घातला, आणि २०२० मध्ये तिच्या सूत्रधाराला सहा वर्षांची कैद झाली. लेपिनचे ठोकळे मात्र बऱ्यापैकी बसायचे. म्हणजे चोरीचा माल दर्जेदार असू शकतो, आणि कायदेशीर नक्कल टाकाऊ. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. आपल्या बाजारातल्या बहुतेक पिशव्यांचं दुखणं दर्जाचं आहे.

रंग, कड आणि आयएसआय

न बसणारा ठोकळा मुलाला चिडवतो. वाईट रंगाचा ठोकळा इजा करू शकतो. कडक ठोकळ्याच्या बाबतीत काळजी कशाची करायची, हे मात्र नीट कळायला हवं. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं बाहुल्या, बदके अशा दबणाऱ्या खेळण्यांत सापडतात. कडक ठोकळ्याला ती लागतच नाहीत. ठोकळ्यात पाहायचं ते रंगातले जड धातू, भंगारातून आलेली रसायनं, धारदार कड आणि तुटून निघणारे बारीक तुकडे.

लाल-पिवळा भडक रंग टिकाऊ करायला पूर्वी कॅडमियम आणि शिसे यांची संयुगं सर्रास वापरली जात. २०१८ मध्ये प्लिमथ विद्यापीठातले अँड्र्यू टर्नर यांनी ब्रिटनमधली जुनी, वापरलेली प्लॅस्टिकची खेळणी क्ष-किरणांच्या तंत्राने तपासली, तेव्हा लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये असे घातक घटक सापडले. त्यात १९७० आणि ८० च्या दशकांतले लेगोचे ठोकळेही होते. म्हणजे माळ्यावरून काढलेला जुना अस्सल डबा तोंडात घालायच्या वयाच्या बाळाला देऊ नये. काळ्या प्लॅस्टिकमधलं ब्रोमीन बहुधा जुन्या टीव्ही-संगणकांच्या कवचांतून येतं. ती पेटू नयेत म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त रसायन घातलेलं असतं. दळलेल्या भंगाराचा प्रवास असा खेळण्यापर्यंत होतो.

आपल्याकडे २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले. त्यानंतर केंद्राने २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर, ते देशात बनलेलं असो वा आयात केलेलं, आयएसआय चिन्ह असलंच पाहिजे. आयात शुल्कही २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं.

ठोकळ्यांना लागू होणारं मानक आयएस ९८७३. त्याच्या पहिल्या भागात खेळणं पाडून, ओढून, पिळून पाहतात. तुकडा निघाला तर तो ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात मावतो का हे बघतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा तुकडा त्यात पूर्ण मावला की ते खेळणं नापास, कारण तेवढा तुकडा घशात अडकू शकतो. तिसऱ्या भागात खेळण्यातून जड धातू किती झिरपतात ते मोजतात. यात कुठेही ठोकळा बसतो की नाही याची परीक्षा नाही. आयएसआय चिन्ह खेळणं मुलासाठी सुरक्षित आहे एवढं सांगतं. इमारत उभी राहील असं सांगत नाही. सुरक्षितता पहिली, यात वाद नाही. पण चिन्ह पाहिलं की दर्जा पाहिला, असं समजू नये.

> दुकानात काय पाहाल?
>
> • डब्यावर आयएसआय चिन्ह, वर आयएस ९८७३ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का? 'बीआयएस केअर' अॅपवर क्रमांक टाकून परवाना कुणाचा ते पाहता येतं.
>
> • सुटा नमुना असेल तर उलटा करा. आतले आकडे, नळ्यांची गोलाई, भिंतींची सारखी जाडी पाहा.
>
> • कडेवरून नख फिरवा. पापुद्रा लागला तर ठेवून द्या.
>
> • दोनच ठोकळे जोडून थांबू नका. एकावर एक आठ-दहा रचा, वरचा ठोकळा धरून सगळा मनोरा उचला. मधेच तुटला तर पकड कमी. मग एकेक काढा. बोटांनी निघाला पाहिजे.
>
> • नाकाशी धरा. उग्र वास, चंदेरी रेघा, एकाच रंगाच्या दोन छटा ही चांगली लक्षणं नव्हेत.
>
> • तीन वर्षांखालच्या मुलासाठी बारीक बटणांचे ठोकळे कोणत्याही कंपनीचे नकोत.

दर्जा किती पैशांना पडतो?

स्वस्त म्हटलं की वाईट असणारच, हे पालकांनी आणि दुकानदारांनी जणू मान्य करून टाकलं आहे. मला ते मान्य नाही. डाय कापायचं कसब या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. धारवाडला एनटीटीएफ ही प्रशिक्षण संस्था टूलमेकर घडवते. हुबळी आणि बेळगावला सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रं आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे भाग शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने बनतात. गोव्यात फनस्कूल ही कंपनी कित्येक दशकं खेळणी बनवते आहे. बेळगावची एकस कंपनी विमानांचे भाग करता करता खेळण्यांकडे वळली, आणि कोप्पळ जिल्ह्यात भाणापूरला ४०० एकरांवर तिच्या खेळण्यांच्या संकुलाची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. कसब आहे, यंत्रं आहेत, आयात शुल्काची भिंतही आहे.

मग हिशेब मांडू. आठ बटणांच्या ठोकळ्याचं वजन साधारण २.३ ग्रॅम. एबीएसचा नवा दाणा किलोला दीडशे रुपये धरला, तर ठोकळ्याला सुमारे ३४ पैशांचा माल लागतो. भंगारातला दाणा ऐंशी रुपयांचा धरला, तर सुमारे १८ पैशांचा. फरक १६ पैसे. आता डाय. टणक पोलादाच्या, नीट कापलेल्या डायला साध्या डायपेक्षा दहा लाख रुपये जास्त लागले असं समजू, आणि तिच्यातून आयुष्यभरात एक कोटी ठोकळे निघाले असं धरू. ठोकळ्यामागे पडले दहा पैसे. दोन्ही मिळून २६ पैसे. दोनशे ठोकळ्यांच्या डब्याला ५२ रुपये.

यात दाणा सुकवायची वीज, डाय दोन सेकंद जास्त बंद ठेवल्याने कमी निघणारा माल आणि बाद केलेले ठोकळे धरलेले नाहीत. ते धरले तर आकडा आणखी वर जाईल, दुप्पटही होईल. तरीही नावाजलेल्या परदेशी डब्याच्या किंमतीच्या तो आसपास फिरकत नाही. कारण त्या किंमतीत परवाने, जाहिराती, चित्रपटांतली पात्रं आणि सातासमुद्रांची वाहतूक असते. आपल्या मुलाला त्यातलं काही नको असतं. त्याला चौथा मजला तिसऱ्यावर बसायला हवा असतो, आणि हे काम शे-दीडशे रुपयांच्या वाढीत होण्याजोगं आहे. बेलूर ते बेळगाव या शंभरेक किलोमीटरच्याही आतल्या टप्प्यात ते करू शकणारे हात आजही कामावर आहेत.